चोळी बेतताना

दिवाळी अंकातले हे पान म्हणजे घरातल्या हातकामाचे पान. आकाशकंदील, लोकरीची तोरणे, मण्यांचे रुखवत, जुन्या साड्यांच्या गोधड्या ही सारी मंडळी आजवर येथे हजेरी लावून गेली. एकच वस्तू तेवढी दाराबाहेर उभी राहिली. ती प्रत्येक घरात आहे, रोज धुतली जाते, पण दोरीवर वाळते ती टॉवेलाखाली नाहीतर परकराआड. आमच्या मुरुडच्या दमट हवेत अशी लपवलेली वस्तू पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही. वाचक भगिनींनो, ओळखलेत ना? आज तिलाच आत बोलावू या. आणि बंधूंनीही पान उलटू नये. आई, बायको, बहीण, मुलगी यांपैकी कोणी ना कोणी आपल्याही घरात असणारच.

मी पडले मराठीची मास्तरीण. तेव्हा आधी शब्दांकडे वळते. ‘आज जेवणाचा काय बेत?’ असे आपण सहज विचारतो. याच घरातले क्रियापद ‘बेतणे’, म्हणजे अंगाच्या मापाने कापड कापणे. कात्री चालवण्याआधी मनाशी जे ठरवायचे, तो बेत. चोळीचे पूर्वजही काही लपूनछपून राहणारे नव्हते. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’त थंडीच्या दिवसांत स्त्रियांच्या अंगी कूर्पासक आहे. संस्कृत नाटकांतल्या राजवाड्यात जो म्हातारा कंचुकी वावरतो, त्याचे नावही अंगातल्या कंचुकावरूनच पडलेले. वर्गात हे सांगितले की मागल्या बाकांवर खसखस पिकते. पिकू द्यावी. निदान शब्द तरी उघड्या हवेत आला!

आपल्या आज्या-पणज्यांची चोळी खणाची. गुळेदगुड्डचा खण कमी पन्ह्याचा, एका चोळीपुरता. म्हणून तर ओटीत नारळाबरोबर त्रिकोणी घडीचा खण घालायची चाल. खण दिला म्हणजे चोळी दिली. ती घरीच बेतायची, घरीच हाताने शिवायची, आणि पुढे गाठ मारायची. त्या गाठीत मोठे शहाणपण होते. बाळंतपणानंतर अंग भरले, आजारपणात उतरले, तरी गाठ थोडी सैल किंवा घट्ट केली की चोळी पुन्हा मापाची. शिवाय आतले वस्त्र आणि बाहेरचे वस्त्र असा भेदच नव्हता. एकाच चोळीने दोन्ही कामे भागत. पुढे पोलकी आली, ब्लाऊज आले, हुक आले, आणि आत निराळे वस्त्र घालणे ओघानेच आले. आजीच्या तोंडी ती ‘बॉडी’ होती. आता दुकानात तिला ब्रा म्हणतात, आणि घरात तिचे नावच कोणी घेत नाही.

ही ब्रा आपण परक्या कारखान्यातली वस्तू समजतो. पण तिच्या ज्या नमुन्याला अमेरिकेत ३ नोव्हेंबर १९१४ रोजी पेटंट मिळाले, तो जन्मला घरातच. मेरी फेल्प्स जेकब नावाच्या तरुणीला एका समारंभाला जायचे होते, आणि कॉर्सेटच्या कांबी झुळझुळीत पोशाखातून वर दिसत होत्या. तिने मोलकरणीला हाताशी घेऊन दोन रेशमी हातरुमाल आणि एक फीत यांचे आतले वस्त्र शिवले. पुढे ते पेटंट वॉर्नर कंपनीने १,५०० डॉलरना घेतले. कटोरीच्या आकाराला ए, बी, सी, डी ही अक्षरे लागली ती तर १९३२ च्या सुमारास, एस. एच. कँप या अमेरिकन कंपनीकडून. ज्या अक्षरात आपले अंग बसत नाही म्हणून आपण हिरमुसतो, त्या अक्षराचे वय अजून शंभरही नाही!

आणि अंग बसत नाही याचे नवल ते काय? ब्लाऊजासाठी आपण शिंप्याकडे ‘मापाचा ब्लाऊज’ टाकतो आणि तोंड न उघडता मोकळ्या होतो. आतल्या वस्त्राला तीही सोय नाही. कोपऱ्यातल्या दुकानात, पुरुष विक्रेत्यासमोर, हळूच एक आकडा सांगायचा आणि कागदात गुंडाळलेला डबा पिशवीत टाकायचा. मग वर्षभर खांद्यावर वळ आणि पाठीवर काच. अशा वेळी शिवता हात असलेल्या भगिनींनी आपले आपण बेतून पाहावे. एका दुपारचे काम नव्हे, पण दोन-तीन दुपारींत जमते.

मापे दोन. एक छातीच्या खालचा फेर, टेप अंगाला नीट लागलेला. दुसरा छातीवरचा पुरा फेर, टेप न आवळता. दुसऱ्यातून पहिला वजा केला की कटोरी किती खोल हवी याचा अंदाज येतो. ध्यानात ठेवायचे ते हे, की भार तोलायचा खालच्या पट्ट्याने. खांद्यावरचे बंद कटोरीला केवळ जागेवर धरतात. खांदे दुखू लागले म्हणजे बहुधा पट्टा सैल असतो, आणि आपण मात्र बंदच आवळत बसतो.

सपाट कापडाला फुगवटा कसा आणायचा, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मोदकाची पारी आठवा. चपट्या पारीला कडेने कळ्या पाडल्या की तिची वाटी होते. टक्स म्हणजे कापडाची अशीच कळी. कटोरी दोन-तीन तुकड्यांची करून त्यांच्या कडा गोलाईत जोडल्या, तर आकार आणखी सुबक येतो. कापड उभ्या धाग्यात कमी ताणते, आडव्यात थोडे अधिक, आणि तिरपे धरले तर सर्वांत जास्त. म्हणून पट्टा उभ्या धाग्यावर बेतावा, म्हणजे तो सैलावत नाही. गोलाईच्या कडांना तिरपी पट्टी लावावी.

पहिला नमुना चांगल्या कापडाचा कधी करू नये. जुन्या धोतराचा किंवा मांजरपाटाचा करावा, कच्चा दोरा घालावा, आणि आरशापुढे दोन्ही हात वर करून, वाकून, बसून पाहावे. पट्टा पाठीवर वर चढला तर तो आखूड करा. कटोरीला चुण्या पडल्या तर टक्स वाढवा. अंग कडेने बाहेर येत असेल तर कटोरी मोठी करा. कापड सुती घ्यावे, आणि आधी धुऊन घ्यावे, म्हणजे मागाहून आटत नाही. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत लोखंडी हुकांना गंज चढतो आणि त्याचे डाग जात नाहीत. आमच्याकडे म्हणून कापडी बंद किंवा बटणे बरी. पाहा, पणजीची गाठ फिरून आलीच!

हे सारे हौसेखातर सांगते आहे असे समजू नका. आमच्या आळीतल्या एका वहिनींची मुंबईत शस्त्रक्रिया झाली. कर्करोगामुळे एक बाजू काढावी लागली. दुखणे हटले, पण वहिनी हळदीकुंकवाला येईनात. बाजारात जायच्या त्याही पदर मुठीत धरून. एकदा मीच चहाला गेले.

“अहो बाई, ब्लाऊज एका बाजूनं लोंबतो,” त्या खाली मान घालून म्हणाल्या. “रबरासारखं मिळतं म्हणतात मुंबईला. पण महाग, नि उकाड्यात सोसवेल का ते?”

“वहिनी, तुमचा क्रोशा कुठाय?” मी विचारले. दारावरचे तोरण त्यांच्याच हातचे होते.

अमेरिकेत बार्बरा डेमोरेस्ट या बाईंनी, स्वतः याच दुखण्यातून गेल्यावर, २०११ साली सुती धाग्याचे हलके, विणलेले स्तन गरजू स्त्रियांना विनामूल्य देण्याचा उपक्रम सुरू केला. आज आपल्या देशातही अशा विणणाऱ्या भगिनी आहेत. कृती तोरणातल्या फुलाहून अवघड नाही. मऊ सुती धागा घ्यायचा. मधल्या कड्यापासून दर फेरीला सारखे टाके वाढवले की चकती होते. वाढवणे थांबवले की ती वाटीसारखी उठते. आत उशीतला धुता येणारा कृत्रिम कापूस भरायचा आणि मागून बंद करायचे. दुसऱ्या बाजूशी ताडून कापूस कमी-जास्त करता येतो. तो जागचा हलू नये म्हणून कटोरीला आतून मलमलीचा खिसा शिवायचा, आणि व्रणाला टोचेल अशी शिवण त्या जागी येऊ द्यायची नाही. जखम पुरती भरल्यावर, डॉक्टरांना विचारूनच हे वापरायचे, एवढे पथ्य मात्र पाळा.

वहिनींनी विणले, मी खिसा शिवला. कच्चा दोरा दोनदा उसवावा लागला. तिसऱ्या खेपेला त्या आरशापुढे उभ्या राहिल्या, पदर सोडला, पुन्हा नीट घेतला, आणि काही न बोलता चहाचे आधण ठेवायला आत गेल्या. गेल्या चैत्रात हळदीकुंकवाला आल्या, तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत ओटीचे ताट होते.

तेव्हा या भाऊबीजेला कोणी खण घातला तर तो कपाटात पडू देऊ नका. आणि मुलगी वयात आली असेल तर तिला हाताशी बसवून माप कसे घ्यायचे ते दाखवा, मोकळ्या आवाजात. कटोऱ्या कापून उरलेल्या गोल चिंध्याही टाकू नका. त्यांच्या पाकळ्या जोडून सुरेख पायपुसणे होते. त्याची कृती पुढल्या खेपेस.