चालकाची झोप आणि मालकाचे वेळापत्रक

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी देशातील अपघातांचा अहवाल प्रसिद्ध करते. २०२२ सालच्या अहवालानुसार त्या वर्षी ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मरण पावली. यांपैकी ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू ‘अतिवेग’ या एका सदरात मोडतात. त्याखाली मद्यप्राशन, विरुद्ध दिशेने वाहन चालवणे, सिग्नल तोडणे, मोबाइलचा वापर ही सदरे येतात आणि अखेरीस ‘इतर’. वाहतूक-नियमभंगाच्या या तक्त्यात झोपेला रकाना नाही. पहाटे तीन-चारच्या सुमारास महामार्गाच्या कडेला उभ्या असलेल्या वाहनावर मागून आदळलेला ट्रक सरकारी नोंदीत बहुधा ‘अतिवेगा’चा बळी ठरतो. चालक दगावला असेल तर तो सांगू शकत नाही, आणि वाचला असेल तर ‘मला डुलकी लागली’ अशी कबुली देऊन तो स्वतःवरचा गुन्हा पक्का कशाला करील?

शासनव्यवहारात ज्या गोष्टीला रकाना नसतो, तिच्यावर उपाययोजनाही होत नाही, हा जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या बैठकांत बसलेल्या कोणत्याही अधिकाऱ्याचा अनुभव आहे. म्हणूनच ट्रक, बस आणि मालवाहू व्हॅनच्या काचेमागे गेल्या काही वर्षांत बसू लागलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कॅमेऱ्यांकडे गांभीर्याने पाहायला हवे. चालकाचा थकवा क्षणाक्षणाला टिपणारे साधन या देशातील रस्त्यांवर प्रथमच आले आहे. त्या नोंदीचे पुढे काय करायचे, हे मात्र अद्याप कोणी ठरवलेले नाही.

या यंत्रणेचे काम समजून घेणे अवघड नाही. एक भिंग रस्त्याकडे आणि दुसरे चालकाकडे रोखलेले असते. रात्रीच्या अंधारातही चेहरा दिसावा म्हणून आतल्या भिंगाला अवरक्त प्रकाशाची जोड असते. यंत्रातील संगणक चेहऱ्यावरील ठरावीक बिंदू हेरून पापण्यांची उघडझाप, जांभई, मानेचा कल आणि नजरेची दिशा मोजतो. ठरावीक काळापैकी किती टक्के काळ पापण्या जवळजवळ मिटलेल्या होत्या, हे प्रमाण थकव्याचे विश्वासार्ह लक्षण मानले जाते आणि त्यावर तीसेक वर्षे संशोधन झालेले आहे. बाहेरचे भिंग पुढच्या वाहनाशी राखलेले अंतर, मार्गिकेच्या रेषा आणि वेगमर्यादेचे फलक वाचते. अचानक लावलेला ब्रेक किंवा झटक्याने घेतलेले वळण गतिमापक टिपतो. धोका दिसताच केबिनमध्ये इशारा वाजतो आणि काही सेकंदांची चित्रफीत मालकाच्या कार्यालयात पोहोचते. महिनाअखेर प्रत्येक चालकाच्या नावापुढे गुण मांडले जातात.

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारा ट्रक सेकंदाला २२ मीटर अंतर कापतो. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे ६६ मीटर अंतर निर्नायकी. या तीन सेकंदांत वाजलेला इशारा माणसे वाचवू शकतो, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. नागपुरात २०२१ साली सुरू झालेल्या ‘आयरास्ते’ प्रकल्पात महापालिकेच्या बसगाड्यांवर टक्कर टाळण्यासाठी इशारा देणारी उपकरणे बसवण्यात आली. हैदराबादची आयआयआयटी, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था आणि इंटेल कंपनी त्यात सहभागी होत्या. पुढे तेलंगणच्या राज्य परिवहन बसगाड्यांतही हा प्रयोग झाला. चालकाला सावध करण्याबरोबरच हे इशारे शहरात कुठे वारंवार वाजतात, याचा नकाशा करून अपघात होण्यापूर्वीच रस्ता दुरुस्त करणे, हा या प्रयोगाचा खरा मोलाचा भाग होता. आपल्याकडे अपघातप्रवण ठिकाणाची सरकारी व्याख्या तीन वर्षांतील बळी मोजून ठरते. ५०० मीटरच्या पट्ट्यात दहा माणसे दगावल्यावर जागे होण्यापेक्षा ही पद्धत निश्चितच शहाणपणाची आहे.

कॅमेऱ्याचा लाभ चालकालाही होतो. आपल्याकडे अपघातात मोठ्या वाहनाचा चालक दोषी, हे जमाव घटनास्थळीच ठरवून मोकळा होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (२) मध्ये अपघातानंतर पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आली, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये देशभरचे ट्रकचालक रस्त्यावर उतरले ते याच भीतीपोटी. थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर कायदा धरतो, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर ते पोटकलम अमलात आणणे सरकारने लांबणीवर टाकले. चूक समोरच्या दुचाकीची होती, हे दाखवणारी दहा सेकंदांची चित्रफीत अशा चालकासाठी वकिलापेक्षा मोलाची ठरू शकते.

मग अडचण कुठे आहे? पहिली अडचण यंत्राच्या समजुतीची आहे. रेषा नसलेले रस्ते, उलट दिशेने येणारा ट्रॅक्टर, मध्येच घुसणारी रिक्षा आणि रस्त्यावर बसलेली गुरे हे आपल्या वाहतुकीचे नित्याचे रूप. पुढे दुसऱ्याने गाडी घातली आणि अंतर कमी झाले, तर गुण कोणाचे कापायचे? अमेरिकेत ॲमेझॉनने २०२१ साली मालवितरणाच्या व्हॅनमध्ये असे कॅमेरे बसवले, तेव्हा तेथील चालकांनी नेमकी हीच तक्रार केली होती. अमेरिकेतील शिस्तबद्ध मार्गिकांत जे घडले, ते आग्र्याच्या किंवा धनबादच्या रस्त्यावर किती पटींनी घडेल याची कल्पना करता येते. तरीही ही अडचण काळाबरोबर कमी होईल, कारण यंत्रे सुधारतात.

दुसरी अडचण आपोआप सुटणारी नाही. चालक पेंगतो आहे, हे कॅमेरा मालकाला सांगतो. तो का पेंगतो आहे, हे मालकाला आधीपासूनच ठाऊक असते. गुवाहाटीहून दिल्लीला माल किती तासांत पोहोचायचा, हे चालकाने ठरवलेले नसते. पगार फेरीवर आणि उशिराचा दंड त्याच्याच भत्त्यातून. खर्च वाचवण्यासाठी सोबतचा क्लीनर किंवा दुसरा चालक कमी केलेला. अशा स्थितीत यंत्राने पहाटे दिलेल्या इशाऱ्यावर कार्यालयातून दोन प्रतिसाद संभवतात. ‘गाडी बाजूला घे, दोन तास झोप, माल उशिरा पोहोचला तरी चालेल’ हा एक. आणि ‘तुझे गुण घसरत आहेत’ असा महिनाअखेरीचा ठपका हा दुसरा. पहिल्याला खर्च येतो, दुसऱ्याला येत नाही. कायद्याने काही सांगितले नाही, तर व्यवहारात कोणता निवडला जाईल हे सांगायला नको.

या प्रश्नाचा इतिहास आपल्या घरातच आहे. रेल्वे इंजिनाच्या चालकासमोर आज सतर्कता तपासणारे यंत्र असते. ठरावीक वेळ त्याने काहीच हालचाल केली नाही तर दिवा लागतो, मग भोंगा वाजतो आणि अखेर ब्रेक लागतात. पण हे यंत्र येण्याच्या कितीतरी आधी कामाच्या तासांचा कायदा आला होता. १९३० साली भारतीय रेल्वे कायद्यात दुरुस्ती होऊन सलग स्वरूपाच्या कामासाठी आठवड्याला सरासरी ६० तासांची मर्यादा घातली गेली. पुढे कामगारांच्या तक्रारींवरून १९४६ साली न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांची लवाद म्हणून नेमणूक झाली आणि १९४७ च्या त्यांच्या निवाड्याने कामाचे वर्गीकरण, विश्रांती आणि साप्ताहिक सुटी यांची घडी बसवली. रेल्वेचालकांच्या तक्रारी आजही संपलेल्या नाहीत. तरीही त्याच्या थकव्याचा विचार करताना कामाचे तास आधी आणि यंत्र नंतर, हा क्रम तेथे पाळला गेला. वैमानिकांबाबतही तेच झाले. त्यांच्या साप्ताहिक विश्रांतीचा अवधी नव्या नियमांनी ३६ वरून ४८ तासांवर नेला, तो थकव्याला व्यवस्थेचा प्रश्न मानूनच.

रस्त्यावरच्या चालकासाठी असा कायदा नाही असे नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, लांब पल्ल्यासाठी ती काहीशी सैल केली. तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू होता. देशातील बहुसंख्य ट्रकमालकांकडे मोजक्याच गाड्या असतात, म्हणजे बहुतेक चालक मुळातच त्याच्या कक्षेबाहेर राहिले. आता हा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेत विलीन झाला आहे आणि संहिता नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तिच्यात मोटार वाहतूक उपक्रमासाठी किमान कामगारसंख्या दहा आहे. चालकाच्या पापण्या मोजण्याइतके तंत्रज्ञान पुढे गेले, त्याच काळात त्याचे तास मोजण्याची कायद्याची कक्षा आक्रसली.

युरोपीय संघाने या दोन गोष्टींची केलेली विभागणी अभ्यासण्याजोगी आहे. तेथे सलग साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची असून वाहनातील टॅकोग्राफ त्याची नोंद ठेवतो. ही नोंद तपासनिसांना पाहता येते आणि नियमभंगाची जबाबदारी वाहतूक कंपनीवरही येते. सुरक्षेला बाध येईल अशा रीतीने अंतरावर किंवा माल पोहोचवण्याच्या वेगावर मोबदला बेतण्यासही मनाई आहे. याउलट, नव्या वाहनांत जुलै २०२४ पासून सक्तीच्या झालेल्या पेंगुळलेपणाच्या इशारा-यंत्रणेने टिपलेली माहिती वाहनाबाहेर कोणालाही देता येत नाही. काम होताच ती पुसावी लागते. म्हणजे चेहऱ्याची नोंद चालक आणि वाहन यांच्यापुरती, तर तासांची नोंद मालक आणि शासन यांच्यासाठी. आपण नेमके उलट करीत आहोत. आपल्याकडे चालकाचा चेहरा मालकाच्या पडद्यावर आणि त्याचे तास कोणाच्याच वहीत नाहीत.

खासगीपणाचा मुद्दाही येथेच येतो. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने तो मूलभूत हक्क ठरला. लांब पल्ल्याच्या चालकाची केबिन हे त्याचे जेवणाघराचे आणि झोपण्याचेही ठिकाण असते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने रोजगाराच्या आणि मालकाचे नुकसान टाळण्याच्या कारणासाठी संमतीविना माहिती वापरण्याची मुभा दिली आहे. आपली माहिती मागून पाहण्याचा हक्क मात्र या कायद्याने संमती देणाऱ्याशी जोडला आहे. त्यामुळे ज्या चित्रफितीवरून चालकाचे काम जाईल, तीच पाहण्याचा त्याचा हक्क संदिग्ध राहतो. ‘दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निर्णय नको’ हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व कार्यालयातल्या शिपायाला लागू होते, तर ते ट्रकचालकाला का नसावे?

मंत्रालयाने २०२५ मध्ये बस आणि ट्रकसाठी आपत्कालीन ब्रेक, मार्गिका सोडल्याचा इशारा आणि पेंगुळलेपणाचा इशारा सक्तीचा करण्याचा मसुदा मांडला. दिशा योग्य आहे. परंतु वेगनियंत्रकाचा अनुभव विसरू नये. यंत्र सक्तीचे झाले की प्रमाणपत्राचा बाजार उभा राहतो आणि तार तोडलेले यंत्र गाडीत नुसते लटकत राहते. ज्याच्यावर नजर ठेवायची त्यालाच यंत्र आपले वाटत नसेल, तर भिंगावर फडके पडायला वेळ लागत नाही.

म्हणून यंत्राबरोबर काही नियमही यावेत. थकव्याचा इशारा ठरावीक वेळा वाजला की विश्रांती देणे मालकाला बंधनकारक असावे, त्या थांब्याचा उशीर चालकाच्या पैशांतून कापता येऊ नये आणि इशाऱ्याची व विश्रांतीची नोंद शेजारी-शेजारी जपली जावी. केवळ यंत्राच्या गुणांवरून वेतनकपात किंवा बडतर्फी नसावी; चित्रफीत चालकाला दाखवून त्याचे म्हणणे ऐकावे. अपघात नसलेल्या चित्रफिती ठरावीक मुदतीत पुसाव्यात आणि गाडी उभी असताना आतले भिंग बंद राहावे. नावे वगळून इशाऱ्यांचा नकाशा जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला मिळावा. छोट्या मालकांसाठी विम्याच्या हप्त्यात सवलत द्यावी, आणि प्रारंभ राज्य परिवहन मंडळांपासून करावा, कारण तेथे कामाचे वेळापत्रक शासनाच्याच हातात आहे.

यासाठी नवे तत्त्वज्ञान शोधण्याची गरज नाही. जादा माल भरला तर तो मालकाच्या माहितीने किंवा आज्ञेने भरला असे न्यायालयाला गृहीत धरता येते, ही तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम ११३ मध्ये आहे. कलम १८३ तर त्याहून पुढे जाते. वेगमर्यादा मोडल्याशिवाय पाळताच येणार नाही असे वेळापत्रक किंवा हुकूम देणे, हाच ते देणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. १९८८ च्या कायद्यात हे लिहिले गेले तेव्हा तसे वेळापत्रक सिद्ध करणे जवळपास अशक्य होते. आज फेरी कधी सुरू झाली, गाडी कुठे थांबली, चालकाचे डोळे कधी मिटू लागले आणि त्यानंतर त्याला काय सांगण्यात आले, हे सारे एकाच यंत्रात आहे. हेच तत्त्व वेगाबरोबर कामाच्या तासांनाही लावणारी एक दुरुस्ती संसदेने करावी. तसे झाले तर अपघाताच्या तक्त्यात झोपेला रकाना मिळेल आणि त्या रकान्यात चालकाच्या नावाबरोबर वेळापत्रक आखणाऱ्याचेही नाव लिहिता येईल.