सगळं जेलरनेच केलं म्हणे!

अठरा वर्षं चाललेल्या गोष्टीत जे जे वाईट घडलं ते सगळं पडद्यामागच्या एकाच इसमाने घडवलं होतं, असं शेवटी सांगणं याला रहस्य उलगडणं म्हणत नाहीत. याला वाचकाला फसवणं म्हणतात. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या 'शॅडोलँड्स' या एक्स्पान्शनने नोव्हेंबर २०२० ते फेब्रुवारी २०२२ या काळात तेच केलं. त्याला आता बरीच वर्षं झाली, ड्रॅगनवाले पुढचे भाग येऊन गेले, लोक विसरलेही. मी विसरलेलो नाही. का नाही, ते सांगतो.

ज्यांनी हा गेम कधी उघडलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००२ साली 'वॉरक्राफ्ट ३' आला. त्यात आर्थस नावाचा राजपुत्र आहे. प्रजेला वाचवायच्या नादात तो एकेक पायरी खाली उतरत जातो. रोग पसरेल म्हणून एक अख्खं शहर कापून काढतो, मग शापित तलवार उचलतो, मग स्वतःच्या बापाला मारतो आणि शेवटी प्रेतांच्या फौजेचा राजा होतो. वाटेत तो सिल्व्हानस नावाच्या एका सेनापतीला ठार करतो आणि तिला मरूही देत नाही, पिशाच्च करून राबवतो. ती पुढे त्याच्या तावडीतून सुटते आणि स्वतःसारख्यांची राणी होते. २००४ पासून ऑनलाइन चाललेला हा गेम जगभरच्या लोकांनी खेळला तो फक्त तलवारी आणि घोडे गोळा करायला नाही. आर्थस आणि सिल्व्हानस ही दोन माणसं त्यांना कळत होती. एकाने चुकीचे निर्णय स्वतः घेतले, दुसरीवर अन्याय झाला आणि ती त्या अन्यायाचं काय करते हे बघायचं होतं.

२०१८ मध्ये सिल्व्हानसने टेल्ड्रासिल जाळलं. टेल्ड्रासिल म्हणजे झाडावर वसलेलं अख्खं शहर. सैन्य बाहेर गेलेलं, आत राहिलेले बहुतेक सामान्य लोक. जिच्यावर अत्याचार झाला तीच आता अत्याचारी झाली होती. हे बघून मला राग आला होता, पण तो चांगल्या गोष्टीने आणलेला राग होता. का केलंस बाई? याचं उत्तर मिळावं म्हणून आम्ही औरंगपुऱ्यातले चौघे मित्र दोन वर्षं थांबलो. महिन्याला १५ डॉलरच्या आसपास पैसे भरत, दर अपडेटला रात्र रात्र डाउनलोड लावून, मध्येच लाइट गेली की कपाळ बडवत थांबलो.

उत्तर आलं ते असं. मृत्यूच्या पलीकडे झोव्हाल नावाचा एक जेलर बसला आहे. ज्याचं नाव इतक्या वर्षांत कुणी कधी घेतलं नव्हतं. आर्थसची ती तलवार आणि ते शिरस्त्राण मुळात त्याच्या बेताचा भाग होते. सिल्व्हानस त्याच्यासाठीच काम करत होती. टेल्ड्रासिल जाळलं ते त्याच्याकडे जास्तीत जास्त आत्मे पोचावेत म्हणून. आणि तिच्यात एवढी क्रूरता कुठून आली? तर आर्थसने मारलं तेव्हा तिच्या आत्म्याचे दोन तुकडे झाले होते, चांगला तुकडा तिच्याजवळ नव्हताच! तो परत जोडला आणि बाई भानावर आल्या.

इथे कुणी म्हणेल की गोष्ट तिला शिक्षा देतेच की. देते. टिरांडे तिला पाताळात धाडते, तिथे अडकलेला प्रत्येक आत्मा शोधून बाहेर काढ म्हणते. कल्पना म्हणून ही शिक्षा वाईट नाही, उलट चांगली आहे. पण शिक्षा भोगायला उभी कोण आहे? अर्ध्या आत्म्याने केलेलं अख्ख्या आत्म्याने निस्तरायचं, ही सोय आहे. ज्या बाईचा आम्हाला राग आला होता ती बाईच लेखकांनी आधी गायब केली आणि मग तिच्या जागी एक पस्तावलेली बाई आणून उभी केली.

आपल्याकडे कट रचणारे काही कमी नाहीत. महाभारतात शकुनी आहे. फासे त्याचे, डाव त्याचा, कपटही त्याचंच. पण द्रौपदीला पणाला लावणारा धर्मराज होता, आणि त्या गोष्टीतून व्यासांनी त्याला कधीही सोडवलेलं नाही. 'युधिष्ठिराचा अर्धा आत्मा तेव्हा दुसरीकडे होता' असं कुणी लिहिलं असतं तर आज द्यूतसभेवर एक तरी माणूस भांडला असता का? आपण भांडतो, कारण हात त्याचा होता. शकुनी काढून टाकला तरी प्रश्न उरतो. शॅडोलँड्समध्ये जेलर आणला आणि प्रश्नच संपला. मोठ्या खलनायकाची हीच अडचण असते. तो जितका सर्वशक्तिमान, तितकी बाकीची सगळी माणसं बाहुल्या.

पण माझी खरी तक्रार याहून मोठी आहे, आणि तिचं कारण गेमच्या बाहेर आहे.

शॅडोलँड्सचा विषय मृत्यू आहे. मेल्यावर आत्मा ऑरिबॉस नावाच्या नगरीत येतो, तिथे आर्बिटर त्याचं आयुष्य तोलतो आणि त्याला योग्य त्या लोकात पाठवतो. गोष्ट सुरू होते तेव्हा ही व्यवस्था मोडलेली आहे. आर्बिटर निपचित पडलाय आणि मेलेला प्रत्येक जीव, साधू असो की चोर, थेट पाताळात कोसळतोय. टेल्ड्रासिलमध्ये जळालेली पोरंबाळंसुद्धा. ही कल्पना ज्याला सुचली त्याला मी आजही सलाम करेन. निरपराध माणूस आधी जळून मरतो आणि मग काहीही न करता नरकात जातो, याहून भयंकर प्रश्न कुठल्या गोष्टीने विचारायचा?

आता हा गेम आम्ही कधी खेळत होतो ते बघा. पहिला भाग नोव्हेंबर २०२० मध्ये आला आणि गोष्टीचा पुढचा तुकडा थेट जून २०२१ च्या शेवटी. मधले सात महिने आपल्याकडे काय चाललं होतं हे वेगळं सांगायला नको. मार्च-एप्रिलमध्ये छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचं औरंगाबाद, बंद होतं. एरवी जिथे पाय ठेवायला जागा नसते ती औरंगपुऱ्याची भाजी मंडई ओस, पुस्तकांच्या दुकानांची शटर खाली, रात्रभर ॲम्ब्युलन्सचा आवाज. आमच्या वाड्यातले एक काका गेले. चार खांदेकरी मिळाले नाहीत, घरच्यांना तोंड बघता आलं नाही, दहावा फोनवर झाला. त्यांच्या मुलाने, जो आमच्या चौघांतलाच एक, दोन आठवड्यांनी रात्री हेडफोनवर विचारलं, "यार, हे सगळे असे न विचारता कुठे जातायत?" तो गेमबद्दल बोलत होता की कशाबद्दल, आम्ही विचारलं नाही.

एवढ्या मोठ्या प्रश्नाच्या दारात हा गेम आम्हाला घेऊन गेला होता. आणि दार उघडल्यावर आत काय होतं? जूनच्या भागात एलून ही चंद्रदेवी सांगते, की टेल्ड्रासिलच्या लोकांना तिने मरू दिलं, कारण बहिणीच्या लोकात दुष्काळ होता आणि हे आत्मे तिकडे पोचून तिला मदत होईल असं तिला वाटलं. ते पाताळात जातायत हे तिला ठाऊक नव्हतं. झालं. हजारोंच्या मरणाचा हिशोब म्हणजे दोन बहिणींमधला चुकलेला निरोप! पुढे आर्बिटरच्या जागी नवा आर्बिटर बसतो, व्यवस्था पुन्हा सुरू होते, आणि जे दरम्यान नरकात पडले त्यांना त्याबद्दल काय म्हणायचं आहे, हे कुणी त्यांना धड विचारत नाही.

"गेमच तर आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" हे वाक्य मला घरच्यांनी ऐकवलंय, मित्रांनीही. त्याला माझं उत्तर असं की मृत्यूनंतरची गोष्ट सांगायचं काम माणसं फार पूर्वीपासून करत आली आहेत आणि ते नीट करता येतं. महाभारताचं शेवटचं, अठरावं पर्व काढा, स्वर्गारोहण पर्व. युधिष्ठिर स्वर्गात पोचतो आणि समोर कोण? सिंहासनावर दुर्योधन! तो विचारतो, माझे भाऊ कुठेत? त्याला अंधाऱ्या, कुजक्या वाटेने नेतात आणि नरकातून भावांचे, द्रौपदीचे आवाज येतात. तो म्हणतो, मग मी इथेच थांबतो. पुढे ती माया होती असं कळतं, पण तोवर व्हायचं ते झालेलं असतं. एका माणसाने सगळी व्यवस्था चुकीची आहे असं देवांना तोंडावर सांगितलेलं असतं. ना पॅच, ना सिनेमॅटिक, थोडेसे श्लोक. ज्याचा प्रश्न होता त्यालाच तिथे उभं केलं आणि निवड करायला लावली, एवढंच. शॅडोलँड्समध्ये जळालेल्या एखाद्या सामान्य माणसाला असं उभं करायला कुणी अडवलं होतं?

दुसरा बचाव मला जास्त पटण्यासारखा वाटायचा: "जुन्या गोष्टीला नवा भाग जोडायचा तर असं होणारच. लेखक बदलतात, आधीचं सगळं सांभाळता येत नाही." पण पुरवणी जोडणं ही काही अमेरिकन कंपन्यांनी शोधलेली कला नाही. हरिवंश हे महाभारताचं खिलपर्वच, म्हणजे जोडलेला भाग. त्यात कृष्णाचं बाळपण येतं, वंश येतो, पण कुरुक्षेत्रावर कुणी काय केलं ते त्याने पुसलं नाही. इथून पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणचं उदाहरण घ्या. एकनाथांचं भावार्थ रामायण युद्धकांडात अपुरं राहिलं. ते पुरं केलं त्यांच्या शिष्याने, गावबाने. पुरणपोळीच्या ओढीने नाथांच्या घरी राहिलेला, मंद समजला जाणारा पोरगा, अशी त्याची आख्यायिका सांगतात. या गावबाने 'रावणाच्या मागे खरं तर भलताच कुणी होता' असं लिहिलं नाही. गुरूने जिथे सोडलं तिथून रामालाच पुढे नेलं. आपल्या नारदीय कीर्तनाचाही हाच नियम आहे: पूर्वरंगात जो अभंग घेतला, उत्तररंगातलं आख्यान त्यालाच येऊन मिळालं पाहिजे. नाही मिळालं तर पहिल्या रांगेतली आजीसुद्धा घरी जाताना बोलते.

गेममध्येही हे जमतं. 'विचर ३'चं 'हार्ट्स ऑफ स्टोन' हे २०१५ चं एक्स्पान्शन घ्या. सौदा करून अमरत्व मिळवलेला आणि त्या बदल्यात काळीज दगड झालेला एक माणूस, एवढीच गोष्ट. जगबुडी नाही. त्याने बायकोचं काय केलं हे आपण तिच्या आठवणींमधून फिरत बघतो आणि त्याला वाचवायचं की नाही हे आपल्याला ठरवावं लागतं. सौदा करणारा सैतान तिथेही आहे, पण सही त्या माणसाची आहे.

आणि आपल्या जवळचं म्हणाल तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक'. तोही २०२० चाच. राजी ही सर्कशीत काम करणारी मुलगी, असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघते आणि दुर्गा व विष्णू तिची गोष्ट सांगतात. हा गेम छोटा आहे, चार-पाच तासांचा, आणि त्याचा शेवट इतका अचानक येतो की मी खुर्चीतच बसून राहिलो. तोही माझ्या मते गोष्टीतला दोषच. पुण्याचा आहे म्हणून मी त्याला सोडणार नाही. पण फरक बघा. राजीची गोष्ट अर्धी राहिली, खोटी झाली नाही. बहीण भावाला का शोधते हे पहिल्या मिनिटाला जेवढं खरं होतं तेवढंच शेवटच्या मिनिटाला आहे. छोट्या गटाची ताकद संपते हे समजू शकतं. शॅडोलँड्सच्या मागच्या कंपनीकडे पैसा, माणसं, अठरा वर्षांचं साहित्य सगळं होतं. तिथे कमी पडली ती हिंमत. आपल्या आवडत्या पात्राने एक अक्षम्य गोष्ट स्वतःच्या हाताने केली, असं म्हणून तिथेच थांबण्याची हिंमत.

त्या जेलरने मरताना काय केलं माहीत आहे? याहून मोठं काहीतरी संकट येतंय, असा इशारा दिला. म्हणजे ज्याने आधीच्या सगळ्यांच्या कृती स्वतःच्या खात्यावर घेतल्या, त्यानेही जाता जाता स्वतःचं खातं पुढच्याकडे ढकललं. असं ढकलत राहिलं की कुणीच कशाला जबाबदार उरत नाही. ही भाषा आपण गेमच्या बाहेरही रोज ऐकतो. पूल पडला तर वरून आदेश होता, पेपर फुटला तर मोठी साखळी आहे. वरचा नेहमी अजून वरचा दाखवतो. माझ्या वयाच्या पोरांना ही भाषा शिकवायला आणखी एका गेमची गरज नव्हती.

म्हणून पुढचं एक्स्पान्शन येईल तेव्हा ट्रेलरमधले ड्रॅगन मोजू नका. मुख्य पात्राचा सगळ्यात वाईट निर्णय अजून त्याचाच आहे का, एवढं बघा. असेल तर खुशाल पैसे भरा, रात्रभर डाउनलोड लावा. नसेल तर ते पैसे औरंगपुऱ्यात येऊन एखाद्या पुस्तकावर घाला. स्वर्गारोहण पर्व फार मोठं नाही, एका रात्रीत होतं.