ईसीआरचा शिक्का

आमच्या कोकणात ज्या घरातले कोणीच आखातात नाही, असे मुस्लिम घर शोधावे लागते. अब्बा कुवेतला होते, मोठे चाचा दमामला. पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डाशेजारी पासपोर्ट असायचेच. तरीही पासपोर्टातल्या तीन अक्षरांनी मला विमानतळावरून घरी परत पाठवले. ती हकीगत या वेळी लिहितो.

मी शीतगृहांची यंत्रे बसवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. मस्कतजवळ मासळीच्या एका गोदामासाठी आमचे यंत्र गेले होते. ते जोडून, गॅस भरून, चालू करून द्यायचे. १२ दिवसांचे काम. नोकरी इथलीच, पगारही इथलाच. कंपनीने भेटीचा व्हिसा आणि जाण्यायेण्याचे तिकीट काढले, साहेबांनी लेटरहेडवर पत्र दिले. निघताना अम्मीने आयतुल कुर्सी पढून फुंकर मारली.

काउंटरवरच्या साहेबांनी पासपोर्ट उलटसुलट पाहिला. "ईसीआर आहे. कशाला चाललात?"

"मशीन बसवायला."

उत्तर खरे होते आणि तेच अंगाशी आले. व्हिसा भेटीचा आणि मी तोंडाने काम सांगतोय! मला बाजूच्या बाकावर बसवले. मग दुसरे अधिकारी आले. ते थेट एकेरीवर.

"हात दाखव."

मी दाखवले. तळव्याला घट्टे, नखांत काळे.

"सामानात काय आहे?"

"पाने, पकड, गेज, थोडी कपडे."

"म्हणजे मजुरीलाच चाललास. एजंटला किती दिलेस?"

एजंट नाही, कंपनी आहे, हे मी चारदा सांगितले. पत्र दाखवले. साहेबांना फोन लावला, रात्री दीड वाजता तो कोण उचलणार? मी दहावी पास आहे, असेही म्हणालो. "ते पासपोर्ट ऑफिसात दाखवायचे होते," एवढेच उत्तर मिळाले.

त्यांचे हे म्हणणे मात्र चुकीचे नव्हते. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर सहसा ईसीआर येते. अशा पासपोर्टवर सौदी, ओमान, कुवेत, यूएई, मलेशिया अशा १८ देशांत नोकरीला जायचे तर आधी सरकारी मंजुरी लागते. उमरा, भेट, फिरणे यांना ती लागत नाही. पण भेटीच्या नावाखाली नोकरीला चाललाय असा संशय आला, तर काउंटरवर अडवतात. कायदा आला तो माणसांच्या भल्यासाठीच. भेटीच्या व्हिसावर नेऊन पासपोर्ट काढून घेतलेली, पगाराविना महिनोन्महिने राबवलेली मुले आपल्या गावांतही आहेत.

मी दहावी पास असूनही माझ्या पासपोर्टवर ईसीआर कसे? १९ व्या वर्षी अर्ज भरणाऱ्याने म्हटले होते, शाळेतून सर्टिफिकेट आणायला वेळ जाईल, त्याशिवायच देऊ, पासपोर्ट तर मिळतोय ना! मिळाला. मीही कधी निरखून पाहिला नाही.

बाकावर बसल्या बसल्या डोक्यात एकच घोळत होते: माझे नाव वाचूनच हे चालले आहे का? दाढीवरून हात फिरवत मी ते मनातल्या मनात पक्केही करून टाकले. तेवढ्यात शेजारी तेलंगणाचा एक मुलगा आणून बसवला. कपाळाला कुंकू, हातात तसाच पासपोर्ट. त्यालाही हात दाखवायला लावले. त्याचे वडील बाहेर थांबले होते आणि तो त्यांना फोनवर तेलुगूत काहीतरी सांगत रडत होता. माझा संशय पुरता गेला असे म्हणणार नाही, पण त्या रात्री आम्हा दोघांना एकाच शिक्क्याने अडवले होते.

पहाटे पासपोर्टवरच्या प्रस्थानाच्या शिक्क्यावर रद्द केल्याची खूण आली. कारण लिहून द्या म्हटले, तर कोणी दिले नाही. अडवले त्याहून हे मला जास्त लागले. घरी, कंपनीत काय सांगायचे? परत पाठवलेल्या माणसाने काहीतरी केलेच असणार, असे लोक धरून चालतात. आमच्या गल्लीत दोन दिवसांत माझा व्हिसा 'बोगस' निघालाही होता! मस्कतला माझ्या जागी दुसरा सहकारी गेला. मशीन त्याने बसवले, भत्ताही त्यालाच मिळाला.

नंतर शाळेतून सर्टिफिकेटची दुसरी प्रत काढली आणि पासपोर्ट पुन्हा काढण्याचा अर्ज केला. ३६ पानी पासपोर्टला १५०० रुपये. दहावी नसली तरी पन्नाशी उलटलेले, आयकर भरणारे, तीन वर्षांहून जास्त परदेशात राहून आलेले यांचेही ईसीआर निघू शकते. तुमच्याही पेटीत पासपोर्ट असेल तर तो आज काढून पाहा. कामाच्या दौऱ्यावर जायचे असेल, तर व्हिसा कोणत्या प्रकारचा आहे आणि त्यावर मशीनला हात लावता येतो का, हे कंपनीकडून आधी लेखी घ्या. मी हेही विचारले नव्हते.

नवा पासपोर्ट आला तेव्हा अम्मीने चष्मा लावून एकेक पान उलटले. तिला इंग्रजी येत नाही. "आता काही लिहिलेले नाही ना?" तिने विचारले. मी नाही म्हटले. तरी तिने तो धाकट्या भावाकडून पुन्हा वाचून घेतला आणि मगच पेटीत ठेवला.