वाऱ्यावाचून इतिहास

‘वास्को द गामाने हिंदुस्थानचा जलमार्ग शोधून काढला’ हे वाक्य पाठ करून आपल्याकडील कित्येक पिढ्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या. 1498 हा सन बिनचूक लिहिला की गुण पदरात पडतात. तो आला कसा, हे सहसा कोणी विचारीत नाही.

हकीकत अशी आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मालिंदी बंदरात गामास त्या समुद्राचा जाणता वाटाड्या मिळाला. 24 एप्रिलच्या सुमारास तेथून सुटलेली जहाजे नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर 20 मे रोजी कालिकतनजीक पोहोचली. परतताना मात्र ईशान्येचे वारे स्थिर होण्याची वाट न पाहता ऑक्टोबरात ताफा कारवारजवळील अंजदीव बेटावरून निघाला. मालिंदी दिसावयास जानेवारी 1499 उजाडला. स्कर्व्हीने इतके खलाशी दगावले की तीन जहाजे हाकारण्यास माणसे पुरेनात; एक जाळून टाकावे लागले.

आफ्रिकेला वळसा घालून येण्याचे साहस गामाचे, यात संशय नाही. परंतु त्यापुढील वाट अरब व गुजराती दर्यावर्दींच्या नित्य परिचयाची होती. ‘शोध’ हा शब्द युरोपपुरता खरा आहे, एवढे तरी पुस्तकाने सांगावे.

तथापि परक्यांची फुशारकी खोडून त्या जागी आपली लिहिणे, हाही इतिहास नव्हे. शिवछत्रपतींचे आरमार आणि कान्होजी आंग्र्यांचा दरारा शिकविताना 1756 चे विजयदुर्गही शिकविले पाहिजे. नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि मराठ्यांच्या शक्तीचा तो आधार, आंग्र्यांचा ताफा, त्या बंदरात जळून खाक झाला. हे मुलांच्या कानी पडू नये, असे ज्यांना वाटते त्यांना इतिहास नको, स्तोत्र हवे आहे.

ऊर्जानगरच्या मुलांना समुद्राशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. आमच्या वर्धा-वैनगंगेचे पाणी प्राणहितेवाटे सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळून पूर्वसमुद्रासच जाते. शिवाय कोळशापासून वीज कशी होते हे ज्यांना उलगडून सांगितले जाते, त्यांना वाऱ्यावर जहाज कसे चालत असे हे का सांगू नये?

पाठ्यपुस्तक मंडळाने सनावळीशेजारी मोसमी वाऱ्यांचा एक नकाशा छापावा, आणि परीक्षकांनी ‘केव्हा’च्या जोडीस ‘कसे’ विचारावे, एवढीच आमची मागणी आहे. सन विसरला तर पुन्हा पाहता येतो. विचारण्याची सवय एकदा मोडली की पुन्हा लावणे अवघड.