शब्दकोडं म्हणजे जुगार?



परवा स्वाध्यायाला जरा लवकर पोहोचले, म्हणून मंदिराबाहेरच्या ओट्यावर पर्समधलं शब्दकोडं काढून बसले. शेजारच्या वयस्कर काकू म्हणाल्या, "अगं, या वयात हातात माळ असावी. हा जुगार कसला घेऊन बसलीस?"

मंदिराच्या दारात कोडं काढलं ही चूक मान्य. जुगार हा शब्द मात्र लागला. सप्तव्यसनांत त्याचा नंबर पहिला!

तसं काकूंचंही अगदीच चुकत नाही. त्यांच्या लहानपणी शब्दकोडं म्हणजे बक्षिसाचं कोडं. फी भरायची, कूपन पाठवायचं. एकाच जागी दोन शब्द सारखेच बसायचे आणि त्यातला 'बरोबर' कोणता, ते संपादकाच्या सीलबंद उत्तरात. शेवटी १९५५ साली कायदा करून सरकारने अशा स्पर्धांच्या महिन्याच्या बक्षिसांवर १,००० रुपयांची मर्यादा घातली. १९५७ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की हा कायदा नशिबावर चालणाऱ्या स्पर्धांसाठी आहे. जिथे मुख्यतः अक्कल लागते, त्यांच्यासाठी नाही.

मी सोडवते ती इंग्रजी पेपरातली गूढ कोडी, ज्यांना क्रिप्टिक म्हणतात. त्यात सूत्र दिसतं एक आणि असतं भलतंच. मराठीत नमुना द्यायचा तर मीच जुळवलेला हा बघा: 'मका उलटा केला की बाईचा पिच्छा सोडत नाही (२)'. उत्तर, काम! किंवा 'कमी ठसक्यात लपलेली चव (२)'. पहिल्या दोन शब्दांच्या सांध्यात बघा, मीठ सापडेल. 'नवी गाडी मिळाली की रोज जपतात (४)' म्हणजे नव अधिक कार. आपण णमोकार म्हणतो, पण माझ्या श्वेतांबर मैत्रिणीला हे लगेच सुटलं. इंग्रजीत अक्षरांची उलथापालथ फार चालते. आपल्याकडे काना-मात्रा आणि जोडाक्षरं अक्षराला चिकटून एकाच चौकटीत बसतात, म्हणून ते अवघड जातं.

यातलं सुख कशाचं, ते बी.कॉम. झालेल्या बाईलाच कळेल. ट्रायल बॅलन्स जुळल्यासारखं वाटतं. सूत्रातल्या प्रत्येक शब्दाचा हिशेब लागला पाहिजे. एक शब्द शिल्लक राहिला तर उत्तर चूक, मग ते कितीही बरोबर वाटो. सीलबंद पाकीट लागत नाही, उत्तर स्वतःच साक्ष देतं.

आणि अडलं की मात्र काय त्रास होतो म्हणून सांगू! पोळ्या लाटताना, दळण आणताना, रात्री कूस बदलताना तेच डोक्यात. बराच वेळ मी 'मका' म्हणजे कणीसच धरून बसते. पहिला अर्थ सोडवत नाही. हट्ट सोडला की मिनिटात सुटतं. अनेकांतावर कितीतरी प्रवचनं ऐकली, पण आपण एका बाजूला किती घट्ट चिकटतो हे मला या चौकटींनी जास्त दाखवलं. दुसऱ्या दिवशीचं उत्तर आधी बघायचा मोहही होतो. दोनदा बघितलंय, आणि दोन्ही वेळा ते कोडं माझं राहिलं नाही.

कुणी म्हणेल हा अनर्थदंडच, बिनकामाचा उद्योग. मग आदिपुराण उघडा. नवव्या शतकात आचार्य जिनसेनांनी लिहिलेल्या त्या ग्रंथात गर्भवती मरुदेवीमातेचं मन रमवायला देवी काय करतात? कोडी घालतात! कुठे क्रियापद लपवलेलं, कुठे मात्रा किंवा अनुस्वार गाळून अर्थ फिरवलेला. आणि माता चटाचट उत्तरं देते. तीर्थंकराच्या आईला चालतं, ते धाराशिवच्या आजीला का चालू नये?

माझं एवढंच म्हणणं आहे की दुपारचा अर्धा तास बाईने झोपेत किंवा मालिकेत घालवला तर कुणी विचारत नाही. डोकं चालवलं की मात्र वय आठवतं. स्वाध्याय चुकवून कोडं सोडवू नये हे कबूल. दशलक्षण पर्वात मी दहाही दिवस पेन्सिल कपाटात ठेवते, आणि खरं सांगते, चौथ्या दिवसापासून हात शिवशिवतो.

त्या दिवशी काकूंना मी उलट बोलले नाही. कागदावर एक सूत्र लिहून दिलं: 'गावाबाहेर तो, हातात ती (२)'. त्यांनी चष्मा लावून वाचलं, घडी घातली आणि कमरेच्या बटव्यात ठेवलं. अजून फोन आलेला नाही. उत्तर तर त्यांनीच आधी मला सांगितलं होतं.