शेजाऱ्याच्या दारातील विठ्ठल

आज आषाढी एकादशी. ज्यांस पंढरी गाठता येत नाही, असे वाडीचे कित्येक भाविक विदर्भाचे पंढरपूर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धापेवाड्याच्या विठोबापुढे माथा टेकतात. या पुण्यदिनी एका नाजूक प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ख्रिस्ती धर्मप्रसार नागपूरला नवा नाही. येथे आयुष्य वेचलेल्या स्टीफन हिस्लॉप यांच्या स्मरणार्थ १८८३ साली महाविद्यालय निघाले. पुढे नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी असताना १९५४ साली नियोगी समिती नेमली गेली. तिच्या १९५६ च्या अहवालाने परकीय पैसा व प्रलोभने यांवर बोट ठेवले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला, की धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही.

जुना मिशनरी शाळा आणि दवाखाना घेऊन आला. आजच्या काही नव्या पंथांचा भर मात्र रोगमुक्तीच्या सभांवर आणि ‘श्रद्धा ठेवा, संपत्ती येईल’ या आश्वासनावर आहे. ही लाट जगभर पसरली असून तिची चिंता खुद्द ख्रिस्ती विचारवंतांनाही लागली आहे. २०१० साली केपटाऊन येथे भरलेल्या धर्मप्रसारकांच्या जागतिक परिषदेने या समृद्धीच्या शिकवणीवर कठोर टीका केली. त्याच्या कितीतरी आधी, काही काळ नागपुरात राहिलेले आणि १८९५ साली ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांस मिशनचे परावलंबन खुपले. १९१७ साली त्यांनी मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला आणि ख्रिस्तभक्ती अभंगांतून गाइली. श्रद्धा विकत मिळत नाही, हे त्यांनी आचरणातून दाखविले.

सर्वच ख्रिस्ती बांधवांकडे संशयाने पाहणे हा अधर्म होय. दमदाटी तर त्याहून निंद्य. चमत्काराच्या नावाने फसविणाऱ्याचा बंदोबस्त करण्यास २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि तो आपल्याकडील बुवाबाबांसही तितकाच लागू आहे.

परंतु कायद्याने न सुटणारा एक प्रश्न उरतोच. घरात मूल तापाने फणफणले आहे, औषधाला पैसा नाही, अशा रात्री ज्या माउलीच्या दारी प्रथम परका प्रार्थक येतो, तिच्या शेजारी राहणारे आपण तेव्हा कोठे होतो? तिची जात विचारून उंबऱ्याबाहेर थांबलो होतो काय? प्रलोभनाचा निषेध करण्याचा अधिकार आधी विचारपूस करणाऱ्यालाच शोभतो.

आज उपवास सोडण्यापूर्वी आपल्या आळीतील एखाद्या आजारी, एकाकी घराचे दार ठोठवावे. संतांनी विठ्ठल दीनांच्या घरी राबताना पाहिला. आपणही त्याच वाटेने जावे, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.