सुंदर कॅमेरा कपाटात, साधा खुंटीवर



दिवाळीच्या आधी चार दिवस माहेरी, सांगलीला जाऊन आले. अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली, तरी त्यांचं लोखंडी कपाट उघडायचं मी आणि दादा टाळत होतो. यावेळी वहिनीनेच किल्ली पुढे केली. खालच्या खणात पंचात गुंडाळलेला त्यांचा रोलिफ्लेक्स निघाला. स्टुडिओ बंद करणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांकडून तो घेतलेला. त्याची चामड्याची केस आईने उंबऱ्याच्या आत येऊ दिली नव्हती, म्हणून हा पंचा. आणि माजघरातल्या खुंटीवर, जिथे कायम असायचा तिथेच, आमचा आग्फा क्लिक थ्री.

भाच्याला जुन्या फिल्म कॅमेऱ्यांचं वेड आहे. त्याने रोलिफ्लेक्स दोन्ही हातांनी उचलला, आग्फाकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "आत्या, हा शोकेसमध्ये ठेवू. आणि तो प्लास्टिकचा डबा भंगारात दिला तर चालेल ना?"

मी "बघू" म्हटलं. पण ते "चालेल ना" मनातून जाईना. रात्री जेवणं झाल्यावर त्याच्याजवळ बसले आणि म्हटलं, दाखव बाबा तुझे सुंदर कॅमेरे आणि कुरूप कॅमेरे. तास दीड तास आमची जुंपली होती. त्यातून माझं जे मत झालं ते इथे मांडते.

सुंदर कॅमेऱ्यांत त्याचा पहिला नंबर लायकाचा. तिथे मी भांडले नाही. जर्मनीतल्या वेट्झलर गावच्या ऑस्कर बार्नाक यांना दम्याचा त्रास होता. त्या काळचे काचेच्या प्लेटांचे अवजड कॅमेरे घेऊन डोंगर चढणं त्यांना झेपत नसे. त्यांनी सिनेमाची ३५ मिलिमीटरची पट्टी आडवी फिरवून खिशात मावेल असा कॅमेरा केला. १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत तो लोकांपुढे आला. दोन्ही कडा गोलाकार, कुठे टोचत नाही, कुठे अडकत नाही. पुढे १९५४ मध्ये आलेला लायका एम थ्री बघा, तोच आकार, आणखी नितळ केलेला. नक्षी नाही, झालर नाही. दमेकरी माणसाच्या गरजेतून आलेलं हे रूप आहे. आणि त्या एम थ्रीवरचं काळं आवरण चामड्याचं वाटलं तरी ते गंधक घालून कडक केलेलं रबर आहे, हे कळल्यावर मला तो जास्तच आवडला.

दुसरा रोलिफ्लेक्स. १९२९ मध्ये ब्राउनश्वाइगला तयार झाला. एकावर एक दोन भिंगं, वरचं बघायला आणि खालचं फोटो काढायला. कॅमेरा कमरेशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. फोटो काढणाऱ्याचा चेहरा झाकला जात नाही, समोरच्याला आपण नेमावर धरल्यासारखं वाटत नाही. आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला हा कॅमेरा वापरत. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेली ही बाई साडी नेसून दिल्लीत पुढाऱ्यांच्या गर्दीत कॅमेरा घेऊन फिरायची. तिचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले गेले. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं ते मात्र तिच्या स्वतःच्या नावाने.

तिसरा, पोलरॉइडचा एसएक्स-७०. १९७२ चा. मिटला की चपटा, कोटाच्या खिशात जाईल इतका. वरचा भाग ओढून उभा केला की कॅमेरा तयार, बटण दाबलं की फोटो बाहेर येतो आणि आपल्या डोळ्यांदेखत उमटत जातो. भाच्याच्या मते जगातला सगळ्यात देखणा कॅमेरा हाच. दिसायला आहेच. चकाकती धातूची चौकट आणि त्यावर तपकिरी चामडं. पण दिसतं तसं नसतं. ती धातू म्हणजे मुलामा दिलेलं प्लास्टिक आहे, आणि चामडं मात्र अस्सल! जिथे खरं हवं तिथे मुलामा आणि जिथे एखादं कापड चाललं असतं तिथे जनावराची कातडी. माझ्या यादीतून मी तो खोडला.

इथे एक गोष्ट झाकून ठेवणं मला बरं वाटत नाही. चामडं बाहेर दिसतं म्हणून आपण नाक मुरडतो, पण फिल्मवरचा जो थर असतो तो जिलेटिनचा, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून काढतात. म्हणजे केस उंबऱ्याबाहेर ठेवणाऱ्या माझ्या आईच्या आल्बममधला एकेक फोटो त्यातूनच आलेला. तिला हे माहीत नव्हतं, अण्णांनाही नसावं. मी भाच्याला सांगितलं. तो गप्प झाला. रोल घ्यायचा की नाही ते त्याचं त्याने ठरवावं. मी काही नव्याने घेणार नाही.

आता कुरूप.

भाच्याचा पहिला नंबर अमेरिकेच्या आर्गस सी थ्रीचा. लोक त्याला "वीट" म्हणत, आणि आहेही तसाच. चौकोनी, टोकदार, पुढे बाहेरच लावलेली दातेरी चाकं. जणू घड्याळाचं पोट उघडं राहिलंय. पण १९३९ ते १९६६ हा कॅमेरा निघत राहिला आणि वीस लाखांहून जास्त विकला गेला, कारण तो साध्या माणसाला परवडायचा. टोनी व्हॅकारो नावाच्या पायदळातल्या सैनिकाने दुसऱ्या महायुद्धात हीच वीट जवळ बाळगली आणि रात्री सैनिकांच्या हेल्मेटांमध्ये औषधं ओतून फिल्म धुतली. ते फोटो आज जगाला ठाऊक आहेत. अशा वस्तूला कुरूप म्हणायला माझी जीभ उचलत नाही. ओबडधोबड म्हणा फार तर.

त्यापेक्षा १९६० च्या सुमाराचा झाइसचा काँटारेक्स बघा. भिंगाच्या डोक्यावर उजेड मोजायचा मोठा गोल डोळा. लोकांनी त्याला एकडोळ्या राक्षसाचंच नाव दिलं. भिंगं अव्वल, पण वजन जवळजवळ किलोभर आणि आत इतकी गुंतागुंत की दुरुस्त करणाऱ्याला घाम फुटावा. हुशारी सगळी आहे, समोरच्या माणसाचा विचार तेवढा राहून गेला. पाहुण्यांसाठी बत्तीस पदार्थ करून ठेवावेत आणि बसायला पाट मांडायचं विसरावं, तसं.

पण माझ्या मते सगळ्यात कुरूप कॅमेरा तिसराच आहे, आणि तो दिसायला गोड आहे. १९२८ मध्ये कोडॅकने खास बायकांसाठी व्हॅनिटी कोडॅक काढला. निळा, हिरवा, तपकिरी, लाल, करडा. रंगांना पक्ष्यांची नावं. त्याच्या मागोमाग एन्सेम्बल आला. एका छोट्या पिशवीत कॅमेरा, आरसा, पावडरची डबी आणि लिपस्टिक! आत यंत्र कोणतं? नेहमीचाच साधा खिशातला कॅमेरा, वरून रंगवलेला. बाईला काय लागतं याचा विचार कोणी केला असेल तर तो रंगापाशी थांबला.  मला रंगाचा राग नाही, माझ्या स्वयंपाकघरात सगळे डबे रंगीत आहेत. राग आहे तो समोरचीला कमी लेखण्याचा. होमाईबाईंच्या हातात हा कॅमेरा कल्पून बघा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

एवढं झाल्यावर मी खुंटीवरचा आग्फा काढून भाच्यासमोर ठेवला. बडोद्याला बनलेला, हलका, प्लास्टिकचा. एका रोलमध्ये बारा फोटो. आकड्यांची भानगड नाही, अंतर मोजायची गरज नाही. एक खटका, त्याच्याजवळ ऊन आणि ढग यांची चित्रं. बस्स.

अण्णा रोलिफ्लेक्स कोणाला हात लावू देत नसत. ओरखडा पडेल, म्हणायचे. म्हणून त्यातून आमच्या घरचे फोटो फारसे निघालेच नाहीत. आणि जे निघाले त्यात अण्णा नाहीत, कारण काढणारे तेच. आग्फाला मात्र सगळ्यांचे हात लागले. आजीला अक्षर ओळख नव्हती. एकदा पर्युषणात दुपारी तिने खुंटीवरून तो काढला, चित्रातल्या सूर्यावर खटका ठेवला आणि अंगणात उभ्या असलेल्या आई-अण्णांना म्हणाली, "हलू नका." फोटो जरा वाकडा आला. अण्णांचं कपाळ वरून थोडं कापलं गेलंय. आई-अण्णांचा एकत्र असा तो एकच फोटो आमच्याकडे आहे. दिवाणखान्यात लावलेला आहे, भाचा जन्मल्यापासून तो बघतोय. कोणी काढला आणि कशाने, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

रोलिफ्लेक्स सुंदर आहे, मी नाकारत नाही. पण मैत्रिणींनो, वस्तू सुंदर की कुरूप हे ठरवताना मी आता एवढंच बघते, की ती घरातल्या सगळ्यात बिचकणाऱ्या हाताला जवळ करते की लांब ठेवते. आजीच्या हाताला ज्याने जवळ केलं तो डबा भंगारात जाणार नाही.

रोलिफ्लेक्स भाच्याच्या शोकेसमध्ये गेलाय. आग्फा मी घेऊन आले. इथे स्वयंपाकघराच्या दाराशी एक खुंटी होतीच.